काचेवरचं हिरवं

सुभद्रानं माशांसाठी टाकलेले दाणे टाकीत पडलेच नाहीत. तिची चिमूट काचेच्या अलीकडेच उघडली आणि लाल दाणे फरशीवर सांडले, थोडे तिच्याच पावलांवर. आतले दोन सोनेरी मासे रोजच्यासारखे वर येऊन तोंडं उघडत-मिटत राहिले; त्यांना काय कळणार बिचाऱ्यांना. चंद्रभान समोरच बशीत चहा ओतून बसला होता. त्यानं उचललेली बशी पुन्हा खाली ठेवली. सुभद्रानं मात्र हात झटकला, मान जराशी तिरकी करून टाकीकडे पाहिलं आणि भाजीचा भाव सांगावा इतक्या सहज म्हणाली, "काच लय हिरवी झाली जी. आतलं काईच नाई दिसत." आणि गंमत अशी की काच खरंच हिरवी झाली होती. खिडकीकडच्या बाजूनं शेवाळाचा पातळ थर चढला होता, उन्हात तो चांगला ठसठशीत दिसत होता. चंद्रभाननं तो पाहिला आणि त्याचा जीव भांड्यात पडला. इतके दिवस त्याला धरायला काहीतरी हवं होतं, ते आयतं समोर आलं. "हो न, काचच हाय थे," तो घाईघाईनं म्हणाला. "मी करतो न त्याचं काई. तू नको मनावर घेऊ." चहा बशीतच निवला.

तिच्या डोळ्यांचं त्याला माहीत होतं. होळीच्या आधी अकोल्याच्या चष्मेवाल्यानं हात टेकले आणि अमरावतीला दाखवा म्हणाला, म्हणून दोघं एसटीनं मूर्तिजापूर, बडनेरा करत गेले होते. तिथं सुभद्राला एका यंत्रात डोकं घालून बसवलं आणि हातात बटण दिलं, ठिपका चमकला की दाबायचं. चंद्रभानला आधी हसूच आलं. पन्नाशी ओलांडलेली बाई, डोक्यावर पदर, आणि मुलांच्या खेळात बसल्यासारखी टकटक बटण दाबते आहे. मग त्याच्या ध्यानात आलं की बराच वेळ टकटक झालेलीच नाही. बोट तयार, अंग पुढं झुकलेलं, आणि बाई ठिपक्याची वाट पाहत बसली आहे. नंतर डॉक्टरांनी त्याला एकट्याला आत घेतलं. दोन्ही डोळ्यांच्या नसा सुकत चालल्यात, ते म्हणाले. गेलेली नजर परत येत नसते. थेंब टाकत राहा, गोळ्या द्या, त्यानं थोडं लांबेल. पण मनाची तयारी ठेवा. महिन्यानं पुन्हा घेऊन या. "पुन्हा एक डाव पाहा न साहेब," असं चंद्रभानच्या तोंडून निघून गेलं, आणि निघाल्याबरोबर तो स्वतःच चमकला. हे वाक्य त्याच्या चांगलं ओळखीचं होतं, फक्त आजवर ते टेबलाच्या पलीकडून यायचं.

सरकारी कापूस खरेदी केंद्रावर तो ग्रेडर होता. हंगामात बैलगाड्यांची रांग पार रस्त्यापर्यंत जायची आणि चंद्रभान एकेका गाडीत कोपरापर्यंत हात घालून पुंजका काढायचा, दोन्ही अंगठ्यांत धरून ओढायचा, धागा उजेडात पाहायचा आणि ग्रेड बोलायचा. त्याचं बोलणं झालं की त्या माणसाचं वर्ष ठरलं. समोरचा चेहरा कधी फुलायचा, बहुधा उतरायचाच. "साहेब, पुन्हा एक डाव पाहा न." मग तो ठरलेलं बोलायचा, "कापूस बोलते बापा, मी नाई बोलत." यात वाईटपणा नव्हता, खोटंही नव्हतं. त्याच्या नजरेला जे दिसायचं ते तो सांगायचा आणि पुढच्या गाडीकडे वळायचा. आता ते केंद्रच बंद पडलं होतं. शेडमध्ये शेळ्या बसायच्या. सरकारनं चंद्रभानच्या हातात नारळ दिला आणि त्याला अकोल्यात डाबकी रोडच्या दोन खोल्यांत आणून बसवलं. डॉक्टरही तसेच बोलले, तपासणीत आलं ते आलं, आणि त्यांनी पुढच्या पेशंटचा कागद ओढला. बाहेर बाकावर सुभद्रा पिशवी मांडीवर घेऊन बसली होती. "काय म्हने?" तिनं विचारलं. "काई नाई. नंबर वाढला. थेंब टाकाचे," चंद्रभान म्हणाला. इतकं सोपं होतं ते, की त्याला स्वतःचीच लाज वाटली. घरी गेल्यावर सांगू, असं त्यानं एसटीत ठरवलं. घरी गेल्यावर ठरवलं की सण होऊन जाऊ दे. सणांचं काय, एक झाला की दुसरा येतोच.

टाकी त्यांच्या अमोलची. तो बियाण्याच्या कंपनीत लागला, हैदराबादला बदलून गेला आणि जाताना दोन फुटांची ती काचेची पेटी, आत रेती, पाण्यात बुडबुडे सोडणारा पंप आणि दोन मासे आईच्या गळ्यात मारून गेला. "पाण्यातले जनावर पोसाले लावले मले पोट्ट्यानं," म्हणून सुभद्रानं आठ दिवस तोंड वाजवलं आणि मग तिथंच खुर्ची टाकली. सकाळी ती टाकीजवळ बसून पेपर वाचायची, मोठ्यानं. चंद्रभानला स्वतःला वाचायचा कंटाळा, आणि त्या वर्षांत तर भीतीच. पेपरात रोज एखादं गाव असायचं आणि गावापुढं औषध पिऊन गेलेल्या एखाद्या शेतकऱ्याचं नाव. सुभद्रा गाव वाचायची आणि क्षणभर थांबायची, आणि चंद्रभानच्या डोळ्यांपुढं त्या गावच्या गाड्या उभ्या राहायच्या, बैलांच्या शिंगांचे रंगसुद्धा. हा तोच का, ज्याचा कापूस पावसानं पिवळा पडला होता आणि जो गाडीवरून खालीच उतरेना? कुणास ठाऊक. पुढं अक्षरं हलतात म्हणून सुभद्रानं पेपर ठेवून दिला तेव्हा चंद्रभानला चक्क हायसं वाटलं. बरं झालं, रोजचं ते नाव कानावर येणार नाही. बायकोची नजर चालली आहे आणि आपल्याला बरं वाटतं आहे, हे ध्यानात आल्यावर त्याला जेवण गेलं नाही. पण बरं वाटलं होतं, हे काही खोटं नव्हतं.

दाणे सांडले त्याच दिवशी तो मोर्णेच्या पुलावरून चालत जुन्या शहरात गेला. हसनैनचं माशांचं दुकान म्हणजे त्याच्या बापाचं रजया भरायचं दुकान. अर्ध्यात अजून रजया होत्या, अर्ध्यात पाण्याच्या टाक्या, आणि छताच्या जाळ्यांत पिंजलेल्या कापसाचे तंतू तसेच लोंबत होते. चंद्रभाननं सवयीनं वर पाहिलं, चांगला लांब धागा होता. "काच हिरवी होते," तो म्हणाला, "शेवाळ खाणारा मासा पायजे." हसनैन खुशीत आला. गिऱ्हाईक रंग मागतं, शेपूट मागतं, कामाचा मासा कुणी मागत नाही. "चाचा, ये देखो सकर," त्यानं काचेला पोट चिकटवून बसलेला एक काळा, ठिपक्यांचा मासा दाखवला. त्याचं तोंड खाली, काचेवर लावलेलं, आणि ते एकसारखं हलत होतं. "दिवसा बैठा रहता, रात को पूरी काच चाटून काढते. लेकिन तुमची टाकी छोटी. हा वाढते. इतका होते," हसनैननं कोपरापर्यंत हात दाखवला. "आणि घाण बी तेवढीच करते. मंग ब्लॅक मॉली घ्या, दोन-तीन. छोटे, शेवाळ कुरतडते, पण नरम नरमच खाते, चिकट नाही उतरवत. गोगलगाय हाय, साफ करते, पण तिची पिल्लं मोजता नाही येणार तुमाले. आता तुमी सांगा, मोठा पायजे का छोटा, लवकर पायजे का बराबर?" चंद्रभान तिथं किती वेळ उभा राहिला कुणास ठाऊक. तीस वर्षं एका दमात ग्रेड बोलणारा माणूस, आणि त्याला मासा निवडता येईना. कारण कापसाला एकच विचारायचं असायचं, तू कसा आहेस. इथं त्याला माशाकडून भलतंच काही हवं होतं आणि ते हसनैनला सांगण्यासारखं नव्हतं. "लवकर," तो शेवटी म्हणाला. "लवकर पायजे बाबू." सकर प्लास्टिकच्या पिशवीत पाण्यासकट त्याच्या हातात आला. पुलावरून येताना तो पिशवी छातीशी धरून चालला, आणि समोरून येणाऱ्यांनी आपल्याला पाहू नये असं त्याला उगाच वाटत राहिलं.

सकर मोठा प्रामाणिक निघाला. दिवसभर तो रेतीत मेल्यासारखा पडून राहायचा, आणि सकाळी उठून पाहावं तर काचेवर त्याच्या तोंडानं चाटलेले गोल गोल पट्टे. आठवडा होत आला तोवर अर्धी काच लख्ख झाली. चंद्रभान इतका हरखला की त्यानं सुभद्राला हाताला धरून आणलं, खुर्चीत बसवलं. "पाह्य बरं आता." सुभद्रानं पाहिलं. मान इकडून तिरकी केली, मग तिकडून. "हाय न अजून हिरवी," ती म्हणाली. उरलेली काच अजून हिरवी होतीच की, बाई खोटं कुठं बोलत होती! दुसऱ्या दिवशी त्यानं तीन काळ्या मॉली आणल्या. मग खिडकीला जुनी चादर लावली, उन्हानं शेवाळ वाढतं म्हणून. त्यानं खोलीत अंधार झाला, सुभद्रा उंबऱ्याला ठेचकाळली, तेव्हा चादर काढली. शेवाळ पुन्हा आलं. आता चंद्रभान सकाळी उठला की पहिल्यांदा काच पाहायचा, जेवताना काच पाहायचा, आणि शेजारची चतुराबाई दह्याचं विरजण मागायला आली तर तिलाही शेवाळाचे प्रकार सांगत बसायचा. तिनं एकदा म्हटलंसुद्धा, "भाऊजी, तुमी तं माशापायी पागल झाले बाप्पा." सुभद्रा हसली. त्या दिवसांत एकदा मात्र तिनं विचारलं, "अमरावतीले जाचं होतं न जी? महिना तं कवाचा झाला." आणि चंद्रभान म्हणाला, "हो, जाऊ. हे टाकीचं एवडं निपटू दे." हे वाक्य आपण बोललो, हे त्याला भर दुपारी पंख्याखाली पडल्यावर कळलं. तो उठून बसला. उद्याच जायचं, पहिल्या गाडीनं. मग वाटलं, डॉक्टर पुन्हा तेच यंत्र लावतील आणि सुभद्रा बटण हातात धरून बसेल. तो पुन्हा आडवा झाला.

आणि मग त्याला मोरचूद आठवला. हे कसं इतके दिवस सुचलं नाही, असं म्हणत त्यानं कपाळावर हातच मारून घेतला. परतवाड्याजवळ त्यांच्या घरचा संत्र्याचा बगीचा होता, आता भाऊ पंजाबराव पाहतो तो. तिथला हौद उन्हाळ्यात हिरवागार व्हायचा. तेव्हा बाप जुन्या धोतराच्या फडक्यात मोरचुदाचे निळे खडे बांधायचा आणि ती पुरचुंडी हौदातून फिरवायचा. पाण्यात निळ्या रेघा उमटायच्या, विरायच्या, आणि दोन दिवसांत हौदाचा तळ दिसायचा. लहान चंद्रभान काठावर पालथा पडून तळ पाहायचा. तिथं एक फुटकी घागर होती आणि ती दरवर्षी तशीच दिसायची. हौदात मासे नव्हते, ही गोष्ट त्याच्या मनात आली नाही असं नाही. आली, पण खडा तो केवढा घालणार, हरभऱ्याएवढा. कृषी केंद्राच्या गल्ल्यावर ओळखीचा माणूस होता. चंद्रभाननं मोरचूद मागितल्यावर तो माणूस पुडी बांधायचा थांबला आणि त्यानं चंद्रभानच्या तोंडाकडे नीट पाहिलं. "काहून पायजे जी?" त्या वर्षांत त्या गल्ल्यावर हा प्रश्न सगळ्यांनाच विचारत. चंद्रभान हसला. "माशांसाठी," तो म्हणाला. त्या माणसाला ते पटलं नाही. "वयनी बरी हाय न?" त्यानं विचारलं. "बरी हाय," म्हणून चंद्रभाननं पुडी जवळजवळ हिसकावूनच घेतली.

घरी येऊन त्यानं रुमालाच्या चिंधीत खडा बांधला आणि टाकीतून फिरवला. निळी रेघ उमटली, विरली. काय सुंदर दिसली ती! दुसऱ्या दिवशी काचेवरचं शेवाळ राखाडी पडून आपोआप सुटायला लागलं आणि सकर उताणा तरंगत होता. त्याचं तोंड पहिल्यांदाच वरच्या बाजूला होतं. संध्याकाळपर्यंत मॉली गेल्या. सोनेरी मासे चिवट, ते तिसऱ्या दिवशी गेले, एकामागून एक. चंद्रभाननं पाणी बदललं, पुन्हा बदललं, बादल्या वाहून त्याची कंबर धरली, पण जे व्हायचं ते होऊन गेलं होतं. त्यानं सगळे मासे मागच्या अंगणात कढीपत्त्याच्या झाडाखाली पुरले. सुभद्रा आत भाकरी थापत होती, तिला त्यानं हाक मारली नाही. हसनैनकडे गेला तर त्यानं दोन्ही हात डोक्याला लावले. "या अल्ला! चाचा, तांबं टाकलं तुमी त्याच्यात. थे रेतीत बसलं आता. जो बी टाकान, मरन. पूरा सब फेकून नवीन करा, नाई तं राहू द्या." तो रागावलासुद्धा नाही, हेच चंद्रभानला सोसवेना. कुणी चार शिव्या घालाव्यात असं त्याला फार वाटत होतं.

टाकी मात्र स्वच्छ झाली होती. इतकी की काच आहे की नाही कळू नये. आत रेती, पंपाचे बुडबुडे आणि पलीकडची भिंत. सुभद्रा रोज तिच्यासमोर बसायची, आणि आता तिला सांगायच्या गोष्टी दोन झाल्या होत्या. एक सांगता येत नव्हती तिथं दोन काय सांगणार, कपाळ! मग चंद्रभान सकाळी पुढं व्हायचा, "थांब, मी टाकतो दाने," म्हणायचा, आणि डबीचं झाकण मुद्दाम वाजवून रिकाम्या पाण्यात चिमूटभर दाणे सोडायचा. ते वर तरंगायचे, फुगायचे, मग खाली बसायचे. दुपारी ती लवंडली की तो ते गाळणीनं काढायचा. आपण हे काय करून राहिलो, असा प्रश्न त्याला पडायचा, आणि त्याचं उत्तर शोधायच्या आत दुसरी सकाळ व्हायची. असे दिवस गेले, आणि एका सकाळी डबी त्याच्या हातात असतानाच सुभद्रा खुर्चीतून म्हणाली, "कायले वाया घालवता जी दाने?"

त्यानं डबीचं झाकण लावलं. बुडबुडे वाजत होते.

"मासे दाने खायले वरती येत तं तोंडाचा आवाज ये त्याह्यच्या," ती म्हणाली. "चप चप. बंद झाला थो. कवाचा बंद झाला."

"मेले," चंद्रभान म्हणाला. "मीच मारले. मोरचूद टाकला मी."

"माय वो," ती म्हणाली. "थो सकर बी?"

"थो पह्यले."

"गरीब होता बिचारा." तिनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं. "आधी मले खरंच काच वाटली जी. आईच्यान. मी म्हनलं, काचच हिरवी हाय. मंग तुमी थो मासा आनला, काच साफ केली, मी आतून बोट फिरवून पाह्यलं तं काच गुळगुळीत. तवा समजली मी."

"मंग हिरवी हाय, हिरवी हाय, काहून म्हनत राह्यली?"

"मंग काय म्हनू?" सुभद्राचा आवाज एकदम चढला, तिचं हे रागावणं चंद्रभाननं कित्येक महिन्यांत ऐकलं नव्हतं. "तुमी घरात येत, त्या काचीकडं पाहत, जुन्या शहरात जात, येत. तुमचं चाललं होतं काई तरी. मी काच साफ दिसते म्हनली असती तं खोटं झालं असतं. नाई दिसत म्हनली असती तं तुमी काय केलं असतं, सांगा बरं? बसले असते तोंड पाडून मायासमोर. मले भेव वाटते तुमच्या तशा बसन्याचं." ती थांबली, आणि राग जसा आला तसा उतरला. "मले भेवच वाटते जी. सकायी उठली का पह्यले दाराकडं पाह्यतो, दिसते का म्हून. दाराची चौकट दिसते. कवा कवा थे बी नाई दिसत."

चंद्रभान तिच्यासमोर फरशीवर बसला. तिचा हात हातात घ्यावा असं त्याला वाटलं, पण त्याच्या हाताला अजून दाणे चिकटले होते, ते तो आपल्या धोतराला पुसत राहिला. काही तरी बोलायचं म्हणून त्यानं मनात जुळवून पाहिलं. दुसऱ्या डॉक्टरांना दाखवू, नागपूरला जाऊ, अमोलला बोलावून घेऊ. एकेक वाक्य तो ओढून पाहत होता आणि ते अंगठ्यांतच तुटत होतं.

"अमरावतीच्या डॉक्टरनं तुमाले आंदर बोलावलं होतं," सुभद्रा म्हणाली. "तुमी बाहीर आले तवा तुमचा आवाज बदलला होता. काय म्हने थो, आता सांगा. सगळंच जाईन का जी? पुरं?"

चंद्रभाननं मान हलवली, हो म्हणून. एकदा हलवली, मग पुन्हा एकदा, नीट. त्याचे डोळे भरून आले होते, आणि सांगून टाकलं एकदाचं, असं त्याला वाटलं.

सुभद्रा वाट पाहत होती. तिचा चेहरा त्याच्याकडे वळलेला होता, पण जरासा बाजूला, जिथं तो नव्हता तिकडे.

"अवो, बोला न," ती म्हणाली.

तेव्हा त्याला कळलं की मानेनं आता भागायचं नाही, आणि यापुढं कधीच भागणार नाही. जे असेल ते तिला तोंडानं सांगावं लागणार, आणि सगळ्यात आधी हेच. त्यानं घसा खाकरला.

"हो," तो म्हणाला.